न नेलेले दाखले

पत्र्याच्या छपरामुळे 'टिनाची शाळा' म्हणत त्या शाळेत चौथीनंतर किती मुली गळतात, हे काढायला जया गजघाटेला दीड दिवस लागला. त्या का गळतात, हे मुख्याध्यापकांनी दीड मिनिटात सांगितलं.

"पालकांची उदासीनता," ते म्हणाले. "तुमच्या फॉर्मवर पाच नंबरला आहे पाहा. तोच आकडा टाकत चला."

१९७४ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या सहा विद्यार्थ्यांना पांढरीपांडे सरांनी शहरातल्या तेरा सरकारी प्राथमिक शाळा वाटून दिल्या होत्या. काम दिसायला सोपं होतं. दाखल-खारीज रजिस्टर उघडायचं, पहिलीत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा वर्षावर्षाने माग काढायचा, आणि जिथे नाव कमी झालं असेल तिथे कारणाचा आकडा लिहायचा. एक म्हणजे गरिबी, दोन घरकाम, तीन स्थलांतर, चार लग्न, पाच पालकांची उदासीनता, सहा इतर. तेराही शाळांचे आकडे जमले की सर अहवाल लिहिणार होते आणि काय करता येईल याच्या शिफारशी वर पाठवणार होते.

टिनाची शाळा जयाने मागून घेतली होती. "घराजवळ आहे," असं तिने सरांना सांगितलं, आणि ते खरं होतं. फक्त पुरतं खरं नव्हतं. याच शाळेत ती पहिली ते चौथी शिकली होती, आणि चारही वर्षं एकाच टाटपट्टीवर तिच्या डाव्या हाताला सिंधू नगरारे बसत होती.

सिंधूला गणितं करायला पाटी लागत नसे. गुरुजींचं सांगून संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं, पण ती हात वर करायची नाही. जयाच्या गुडघ्यावर बोटाने आकडा लिहायची आणि समोर बघत राहायची. बासष्ट सालच्या मे महिन्यात सिंधूच्या वडिलांना शहराबाहेर वाडीला ट्रकवाल्यांच्या गोदामात काम मिळालं आणि नगरारेंचं घर तिकडे गेलं. सिंधू मात्र गल्लीतच मावशीकडे राहून जयाबरोबर मिडल शाळेत पाचवीला जाणार, असं ठरलं होतं. जून आला, शाळा उघडली, सिंधू आली नाही. जयाने विचारलं तेव्हा घरी सांगितलं गेलं, तिकडेच शिकत असेल. पुढे मावशीही गल्ली सोडून गेली. बारा वर्षं झाली होती. अजूनही एखादं अवघड उदाहरण सुटलं की जयाची मान आपोआप डावीकडे वळायची. एम.एस्सी.च्या वर्गात तिथे मधुसूदन बसत होता, आणि त्याला वाटायचं, ही आपली वही बघते.

मधुसूदन शहरातल्या महाल भागातला. वडील कोर्टात कारकून, आजोबाही कारकूनच होते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सरांनी त्याला जयाच्या जोडीला दिलं होतं. ती वाचायची, तो उतरवायचा.

"मिस गजघाटे," पहिल्याच सकाळी तो म्हणाला होता, "आपल्याला एकोणीसशे सत्तावन्नपासून सुरुवात करायची आहे. तुम्ही सरळ अठ्ठावन्नचं पान काहून काढून राहिल्या?"

"असंच," जया म्हणाली.

तिने पान काढलं होतं आणि नाव सापडलंही होतं. दाखल क्रमांक २१७, सिंधू भिवाजी नगरारे. त्याच्या वरचा, २१६, तिचा स्वतःचा. दोघींना एकाच सकाळी, एकीमागे एक उभं करून नाव घातलं होतं. जयाच्या नावापुढच्या शेऱ्यात होतं, 'चौथी पास, दाखला दिला.' सिंधूच्या पुढे, 'चौथी पास, दाखला नेला नाही.'

आता दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी उदासीनतेचा आकडा सांगितला, तेव्हा जयाने विचारलं, "सर, उदासीनता आहे हे कशावरून?"

मुख्याध्यापक या शाळेत चार वर्षांपूर्वीच आले होते. माणूस सरळ होता. रागावले नाहीत. उठून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि खालच्या खणातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा टेबलावर ठेवला. "हे घ्या. मुलं-मुली चौथी पास झाली, शाळेने दाखले लिहून ठेवले. दाखल्याशिवाय पुढची शाळा घेत नाही. आणि आईबापांना इथवर येऊन एक कागद न्यायला सवड नाही. याला दुसरं काय म्हणणार तुम्ही?"

मधुसूदनने मान डोलावली आणि पाच लिहायला पेन उचललं. जया म्हणाली, "आधी मोजू या."

चौऱ्याऐंशी दाखले निघाले, सत्तावन्नपासून त्र्याहत्तरपर्यंतचे. मुलींचे एकसष्ट, मुलांचे तेवीस. सिंधूचा त्यात होता. कागद पिवळा पडला होता, शाई तपकिरी झाली होती. जयाने तो वाचला नाही. इतरांच्या बरोबर सालवार लावून ठेवला, कारण एकदा वाचायला घेतला तर आपलं मोजणं चुकेल हे तिला ठाऊक होतं.

मग तिने दाखल्यांची बुकं मागितली. दाखला फाडून दिला की बुकात त्याचा अर्धा भाग उरतो, स्थळप्रत. तिच्यावर तळाशी पालकाच्या सहीची जागा असते. न नेलेल्या दाखल्यांच्या स्थळप्रती कोऱ्या असायला हव्या होत्या. जया एकेक नंबर जुळवत गेली. अकरावा नंबर जुळवताना ती थांबली. मग बाराव्यालाही. दुपारची सुटी संपत आली तेव्हा शाईने तिचं बोट निळं झालं होतं.

"हे बघा," ती मधुसूदनला म्हणाली. "दाखला इथे कपाटात पडलाय, आणि स्थळप्रतीवर अंगठा आहे."

"एखादा असेल."

"एकतीस आहेत."

मधुसूदनने डबा खाली ठेवला. "अंगठा दिला आणि कागद विसरून गेले?"

"एकतीस जण?"

जयाने एका कोऱ्या कागदावर रकाने पाडले. साल, मुलगा की मुलगी, वडिलांचा धंदा, जात. उदासीनता असेल तर ती सगळ्या घरांत थोडी थोडी सांडलेली दिसेल, असा तिचा विचार होता. एका जागी साचणार नाही. तिने आकडे भरले आणि ते एका जागी साचले. एकतीसपैकी एकोणतीस दाखल्यांवर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'हिंदू–महार'. आणि साल होतं सत्तावन्न ते सहासष्ट. म्हणजे त्या घरांनी छप्पनमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचं. मास्तरांनी नाव घालताना किंवा दाखला लिहिताना विचारलं नव्हतं. वस्ती पाहिली होती आणि लिहिलं होतं.

मधुसूदनने कागद बघितला, मग जयाकडे बघितलं, मग पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. "मी पाच खोडून टाकतो," तो हळूच म्हणाला.

"थांबा. आता काय लिहायचं ते अजून माहीत नाही."

शाळेचा चपराशी शालिकराम पंचवीस वर्षांपासून तिथेच होता; जयाला त्याने पहिलीपासून पाहिलं होतं. तो व्हरांड्यात घंटेखाली बसून तंबाखू मळत होता. जयाने बुक नेऊन त्याच्यासमोर धरलं आणि अंगठे दाखवले.

"हाव," तो म्हणाला. "अंगठा पयले, कागद मंग. तवाच्या हेडगुरुजीचा कायदाच होता तसा. कागद हाती आला का बाया बाहेर येत आन् मले म्हनत, शालिकभाऊ, वाचून दे गा काय लिवलं ते. मी वाचो. पोराचं नाव, बापाचं नाव, जलमतारीख. जातीवर आलो का आवाज बारीक करो."

"काहून?"

"आता काय होते ते मले माहीत होतं ना. काही बाया उठत, आत जात, आन् कागद टेबलावर ठेवून देत. म्हनत, हे आमी नोहोत. गुरुजी म्हने, रजिस्टरात हाय तेच येईन, माह्या हातात काही नाही, वरून हुकूम आना. वर म्हंजे कुठं, ते त्यालेबी माहीत नोहतं." त्याने तंबाखू दाढेखाली ठेवली. "तुह्या त्या मैतरनीची माय होती ना, बायजाबाई. ते तं वाडीहून तीन खेपा आली. पयल्या खेपेले ठेवून गेली. दुसऱ्या खेपेले पुसे, बदललं का. तिसऱ्या खेपेले तुहे बाबा बी होते ना वं."

"कोणाचे बाबा?"

"तुहेच. नत्थूजी. तुहा दाखला न्याले आलते."

जया संध्याकाळी घरी पोचली तेव्हा नत्थूजी मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यातून नुकतेच आले होते आणि मोरीवर लाकडाच्या भुशाने हातांचं ग्रीस काढत होते. बारा वर्षांत एकदाही या माणसाने बायजाबाईचं नाव घेतलं नव्हतं. जया दारात उभी राहिली.

"बाबा, सिंधूच्या आईनं दाखला नाही घेतला, तुम्हाले माहीत होतं."

नत्थूजींनी हात धुणं थांबवलं नाही. "होतं."

"तुम्ही तिथं होते."

"होतो."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

त्यांनी पाणी ओतलं, हात झटकले, आणि पायरीवर बसले. "बायजाबाई मले म्हने, नत्थूदादा, तुमी बी नका घेऊ. दोघं मिळून नाही म्हटलं तं गुरुजीले कलम उचलाच लागन. एकटीचं कोणी आयकत नाही." त्यांनी ओले हात गुडघ्यांवर पुसले. "खरं म्हने ते. दोघं असतो तं कदाचित झालं असतं. कदाचित दोघी बी घरी बसल्या असत्या. मले तेवढी छाती नोहती झाली. मी अंगठ्याच्या जागी सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला."

"काही म्हटलं तिनं?"

"नाही. म्हने, वाडीची मोटर आता कोठून भेटते. मी सांगितलं."

जयाला राग येत होता आणि तो नेमका कोणावर ठेवावा हे कळत नव्हतं. तिचं मिडल, मॅट्रिक, बी.एस्सी., सगळं त्या घडीवर उभं होतं. एका दाखल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, तोच शब्द तसाच उतरत आला होता, आणि तिने तो कधी धड वाचलाही नव्हता.

"बायजाबाई वारली मागच्या वर्सी," नत्थूजी म्हणाले. "मी गेलतो मातीले. सिंधूचं घर कामठीत हाय. भाजीबाजाराच्या मागं, विणकरांच्या मोहल्ल्यात. नवरा मागावर असते." मग तिच्याकडे बघत, "तुले तवा इचारलं असतं, का जया, काय करू, तं तू काय म्हटलं असतं?"

दहा वर्षांच्या जयाचं उत्तर तिला चांगलं ठाऊक होतं. तिला शाळेत जायचं होतं.

पांढरीपांडे सरांनी दुसऱ्या दिवशी तिचा तक्ता दोनदा वाचला. ते गडबडून जाणारे गृहस्थ नव्हते. "सहा नंबरात टाका. इतर."

"सर, इतरमध्ये टाकलं तर अहवालात त्याला एकच ओळ मिळेल. वेगळं कारण पाडलं, सात नंबर, तर शिफारस करता येईल. नाव घालताना पालकालाच विचारून लिहावं, आणि चूक असेल तर शाळेनेच दुरुस्त करावी. शिवाय चौथीचे दाखले परस्पर पुढच्या शाळेत जावेत, कोणी अडून राहू नये."

"शिफारस चांगली आहे. पण आधार काय तुमचा? अंगठे आणि एका चपराशाची आठवण. उद्या वर कोणी विचारलं तर? ज्या मुलीचा दाखला राहिला तिच्याकडून फॉर्म भरून आणा. एकीकडून तरी. ती स्वतः काय कारण सांगते ते महत्त्वाचं."

मुख्याध्यापकांनी पोच लिहून घेतली आणि सिंधूचा दाखला जयाजवळ दिला. "घेत असेल तर देऊन टाका," ते म्हणाले. "दुरुस्ती हवी असेल तर अर्ज आणा. मी शिफारस लिहून वर पाठवीन. तेवढं मला करता येईल."

रविवारी दुपारी जया कामठीच्या बसमधून उतरली तेव्हा पर्समध्ये दाखला होता, फॉर्म होता, आणि सिंधू ओळखेल की नाही ही धास्ती होती. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत शिरल्यावर मागांचा खडखडाट असा दाटून आला की पत्ता विचारायला ओरडावं लागलं. शेवटच्या घरात, उंबऱ्याच्या आत, एक बाई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मागे दोरीच्या झोळीत मूल निजलं होतं. बाईने मान वर केली आणि जयाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"चष्मा लागला वं तुले," ती म्हणाली. "लयच पुस्तकं खाल्ले वाटते."

जयाला वाटलं होतं आपण रडू. तिला हसू आलं.

सिंधूने सतरंजीचा तुकडा पुढे सारला. कांडी मात्र हातातून सुटली नाही; संध्याकाळच्या पाळीला नवऱ्याला कांड्या भरून लागत होत्या. "बस. चहा ठेवते, हे एवढी झाली का. लगन?"

"नाही केलं."

"म्हातारी होऊन राहिली ना. कोणी पाहून नाही राहिलं, का तुले कोणी पसंत नाही पडत?"

"शिकून राहिली अजून."

"अजून?" सिंधूचा चरखा जरा हळू झाला. "किती असते वं ते एकंदर?"

"सतरा वर्षं. पुढचं शेवटचं."

"सतरा," सिंधू म्हणाली. "चार गेले तं तेरा."

चहा झाला. बशीतून पिताना दोघी बोलल्या ते भलतंच. कोणाचं घर पडलं, गल्लीत नळ आला का, नत्थूजींचा दमा कसा आहे. शेवटी जयाने पर्समधून दाखला काढला आणि सतरंजीवर ठेवला. कुठून आला तेही सांगितलं. शालिकराम काय म्हणाला, बाबा काय म्हणाले, सगळं क्रमाने सांगितलं. बाबांच्या सहीचंही.

सिंधूने हात लुगड्याला पुसले आणि कागद उचलला. ती अक्षरावर बोट ठेवून वाचत गेली, हळू, पण न अडखळता. एका ठिकाणी बोट थांबलं. मग पुढे गेलं, तळापर्यंत. तिने कागद होता तसाच पुन्हा सतरंजीवर ठेवला.

"पयल्यांदा पाह्यला," ती म्हणाली. "वर्सभर मी आईशी धड बोलली नाही यासाठी. म्हणो मी, घेऊन टाकाचा होता ना, कागदच तं होता. कागदावर लिवल्यानं माणूस बदलते का? आई म्हने, नाही बदलत तं त्याले लिवू काहून देऊ?" तिने नवी कांडी लावली. "दोघीचंबी बरोबर वाटते मले. अजूनबी समजत नाही."

"सिंधू, दुरुस्त होते आता. अर्ज आणला मी लिहून. तू सही कर, हेडसर वर पाठवतो म्हणाले."

"मंग काय करू? पाचवीत जाऊन बसू? झोळी बांधू तिथंच, छताले?"

"बाहेरून परीक्षा देता येते. सातवीची. मी शिकवीन तुले, दर रविवारी येईन." जया भराभर बोलत होती आणि आपण भराभर बोलतोय हे तिला कळत होतं. बसमध्ये तिने हे सगळं मनात मांडून ठेवलं होतं. किती महिने लागतील, कुठली पुस्तकं आणायची. मांडलेलं बरोबर होतं. फक्त त्यात रोजच्या कांड्या धरलेल्या नव्हत्या, झोळी धरलेली नव्हती.

सिंधूने तिचं सगळं ऐकून घेतलं. "तू येजो," ती म्हणाली. "शिकवासाठी नको. तशीच येजो." आणि कागदाकडे हनुवटीने खूण करत म्हणाली, "तो घेऊन जाय. आईनं जिथं ठेवला तिथंच राहू दे. मी घेतला तं तिच्या तीन खेपा फुकट जातीन."

जयाने दाखला पर्समध्ये ठेवला. तिच्या हाताला तो आता येतानापेक्षा जड लागला असं नाही. कागद तोच होता. पण बारा वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की हरवलेली वस्तू सापडली म्हणून परत मिळतेच असं नाही.

"तुह्या दाखल्यावर काय हाय?" सिंधूने विचारलं.

"तेच."

"आन् वरच्या सगळ्या कागदांवर?"

"तेच."

सिंधू काही क्षण चरखा फिरवत राहिली. "नत्थूकाकानं बरं केलं," ती म्हणाली. टोमणा असेल म्हणून जयाने तिच्याकडे नीट बघितलं. नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

मग जयाने फॉर्म काढला. सरांनी मागितला होता आणि आता तो भरायचा तिला संकोच वाटत होता, पण सिंधूच म्हणाली, भर, पाहू तुमचा कारखाना कसा चालते. नाव, वय, वडिलांचा धंदा, भावंडं. सिंधू उत्तरं देत गेली, मधेच थट्टा करत. न्हाणी घरात की बाहेर, या प्रश्नाला म्हणाली, "लिव, घरच न्हाणीयेवढं हाय."

"प्रश्न अकरा," जयाने वाचलं. "शाळा सोडण्याचं मुख्य कारण."

"मी नाही सोडली शाळा."

"म्हणजे?"

"म्हंजे नाही सोडली. मले कोणी पुसलंच नाही, का सोडते का. आईनं नाही सोडवली, आईनं तं तीन खेपा घातल्या. मंग कोणी सोडली, ते तुह्या सरले पुस. माहं तेवढंच लिव. सोडली नाही."

फॉर्मवर आकड्यासाठी एक चौकोन होता, एका आकड्यापुरता. जयाने चौकोन रिकामा ठेवला आणि समासात, बारीक अक्षरात, सिंधूचे शब्द जसेच्या तसे लिहिले. सर काय म्हणतील ते तिला दिसत होतं. आणि आपण हे खोडू देणार नाही, हेही. अठ्ठावीस घरं अजून होती. रविवार पुष्कळ होते.

"झाले प्रश्न?" सिंधू म्हणाली.

"झाले."

"आता मी पुसते एक." ती चरख्याकडेच बघत होती. "मिडल शाळेत माह्या जागेवर कोण बसली?"

जयाने पेनाचं टोपण लावलं. "आठ दिवस कोणीच नाही. मी दप्तर ठेवत होती तिथं. बाई रोज पुसत, कोणाची जागा हाय वं ही. मी सांगत होती, येऊन राहिली ते, वाडीहून."

"मंग?"

"नवव्या दिवशी बाईनं दप्तर उचललं आणि सत्यवतीले बसवलं."

"हुशार होती?"

जयाने विचार केला. तिला नेमकं सांगायचं होतं. "नाही. अक्षर चांगलं होतं."

बाहेर मागांचा आवाज चालूच होता. झोळीतल्या मुलाने कूस बदलली. सिंधूच्या हातातला चरखा थांबला होता आणि सूत ताणलेलं तसंच राहिलं होतं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "मी वाडीत बसून मोजत होती वं. मले वाटलं, चार दिवस जागा ठेवशीन तू."